सरकत्या जिन्याच्या तोंडाशी: नव्या शहरातील सौजन्य आणि उद्धटपणाचा एक प्रकरण अभ्यास

पुढील प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातील प्रसंग कोणत्याही मोठ्या शहरात कामाच्या दिवशी घडावेत असे आहेत. ते एका विशिष्ट व्यक्तीच्या बाबतीत घडले असा दावा नाही आणि शहराचे नावही मुद्दामच दिलेले नाही. नव्या शहरात येऊन आठवडाही न झालेल्या एका तरुणीला पाऊण तासात सहा अनोळखी माणसे भेटली, आणि दुसऱ्या दिवशी तिने कार्यालयात सांगितले की या शहरातली माणसे उद्धट आहेत. हा निष्कर्ष त्या पाऊण तासाच्या पुराव्यावर टिकतो का, एवढाच प्रश्न येथे तपासायचा आहे. तो वाटतो तितका सोपा नाही. कारण त्या सहांपैकी एकाने खरोखरच उद्धटपणा केला होता, आणि त्याच संध्याकाळी घडलेला आणखी एक उद्धटपणा तिच्या सांगण्यात आलाच नाही.

पार्श्वभूमी

ही तरुणी नोकरीतील बदलीमुळे एका लहान गावातून मोठ्या शहरात आली. गावात रस्ता विचारणे हे संभाषणाचे निमित्त असते. विचारणारा कोण, कुठला, कोणाकडे निघाला, हे कळल्याशिवाय उत्तर देणाऱ्याचे समाधान होत नाही आणि विचारणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. शहरातील भाषा तिला येत होती, पण तिच्या बोलण्यातला हेल वेगळा होता आणि तो लगेच ओळखू येणारा होता. त्या संध्याकाळी सात वाजता तिला एका घरमालकीणबाईंकडे भाडेकरारावर सही करायला पोहोचायचे होते. पत्ता भुयारी मेट्रोच्या एका मोठ्या स्थानकाजवळचा होता. तेथे दोन मार्ग एकमेकांना मिळतात आणि बाहेर पडण्यासाठी सहा दारे आहेत. गाडी पावणेसातच्या आधी स्थानकात आली. भुयारात मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे नकाशा उघडेना. कोणत्या दाराने बाहेर पडायचे हे तिला ठाऊक नव्हते. ती प्रत्यक्षात पोहोचली ती सात वाजून पंचवीस मिनिटांनी.

घटनाक्रम

गाडीतून उतरून ती गर्दीबरोबर सरकत्या जिन्याने वर आली आणि जिना संपतो तेथेच, दोन पावले पुढे, दिशादर्शक फलक शोधत थांबली. मागून येणाऱ्या एका गृहस्थांनी जरा चढ्या आवाजात म्हटले, "बाजूला व्हा हो, मध्येच काय थांबता!" त्यांची बॅग तिच्या खांद्याला लागली. मागे वळून न पाहता ते निघून गेले. ती बाजूला झाली, आणि समोरून झपाझप येणाऱ्या, कानात इअरफोन घातलेल्या एका माणसाच्या वाटेत जाऊन तिने विचारले, "माफ करा, एक विचारू का?" त्याने हाताचा पंजा उंचावून नकार दिला आणि वाट काढून तो पुढे गेला. विचारायचे काय होते ते त्याने ऐकलेच नाही.

तिसरी भेट एका वयस्क बाईंशी झाली. त्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी तिला जवळ बसवून घेतले, गाव विचारले, नोकरी विचारली, एकटीच राहणार का म्हणून काळजी व्यक्त केली, आणि मग स्वतः उठून तिला काही अंतर सोबत करून दोन नंबरच्या दाराकडे पाठवले. दार चुकीचे निघाले. ते मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उघडत होते आणि रस्त्याच्या मधोमध दुभाजक असल्याने तिला पुन्हा खाली यावे लागले.

खाली आल्यावर ती चौकशी खिडकीशी गेली. आतल्या कर्मचाऱ्याने मान वर न करता सांगितले, "तिकडे लिहिलंय." कुठे लिहिले आहे ते न दिसल्याने तिने पुन्हा विचारले, तेव्हा त्याने तिचेच वाक्य तिच्याच हेलात, जरा ओढून, शेजारच्या सहकाऱ्याला म्हणून दाखवले. दोघे हसले. उत्तर मिळाले नाही.

खिडकीपासून निघाल्यावर वाटेत एक सफाई कर्मचारी बाई फरशी पुसत होत्या. ती पुसलेल्या ओल्या पट्ट्यावरून चालत त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "ए, बाहेर जायचं कुठून?" त्या बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिले, पावलांच्या उमटलेल्या ठशांकडे पाहिले, आणि काही न बोलता पुन्हा पुसायला सुरुवात केली. शेवटी पायऱ्यांशी तिने, कोणा एकाला उद्देशून नव्हे तर हवेतच, इमारतीचे नाव घेऊन विचारले. दोन दोन पायऱ्या चढत निघालेला एक तरुण न थांबता म्हणाला, "चार नंबर. वर जाऊन डावीकडे." ते उत्तर बरोबर होते. तिने आभार मानायच्या आत तो दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना सांगताना तिने बॅगवाले गृहस्थ, इअरफोनवाला, खिडकीतला कर्मचारी आणि पायऱ्यांवरचा तरुण अशा चौघांना उद्धट ठरवले. "एक आजी तेवढ्या भल्या होत्या," असेही ती म्हणाली. सफाई कर्मचारी बाईंचा उल्लेख तिने केला नाही. त्यांनी उत्तर दिले नव्हते म्हणून त्यांना उद्धटांत धरावे, असेही तिच्या मनात आले नाही, आणि विश्लेषणात हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

जिन्याशी काय घडले

पहिल्या प्रसंगात दोन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. सरकत्या जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाला थांबण्याची सोय नसते. पायाखालची पायरी त्याला पुढे ढकलत असते आणि त्याच्या मागे आणखी माणसे येत असतात. जिन्याच्या तोंडाशी कोणी उभे राहिले तर मागच्याला त्याच्या अंगावर जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून "बाजूला व्हा" ही सूचना आवश्यक होती, ती त्वरेने देणेही आवश्यक होते, आणि चढा आवाज हा गोंगाटात ऐकू जावे म्हणूनही असू शकतो. पुढचे "मध्येच काय थांबता" हे मात्र सूचनेत मोडत नाही. ती बाजूला व्हावी यासाठी त्या शब्दांचा काही उपयोग नव्हता. तिला वेंधळी ठरवणे एवढेच काम त्यांनी केले. माझ्या मते त्या एका वाक्याचा पूर्वार्ध वाहतुकीचा आहे आणि उत्तरार्ध उद्धटपणाचा, आणि अनोळखी माणसांमधील बहुतेक कुरबुरी अशाच अर्ध्यामुर्ध्या असतात.

तिने त्याचा अर्थ कसा लावला, हे अधिक बोलके आहे. आपण का थांबलो, याचे तिचे उत्तर परिस्थितीत होते: फलक दिसत नव्हता, रेंज नव्हती, जागा नवी होती. ते गृहस्थ असे का बोलले, याचे तिचे उत्तर मात्र त्यांच्या स्वभावात होते: माणूस उद्धट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये या प्रवृत्तीचे वर्णन करून तिला मूलभूत स्वरूपाची चूक म्हटले. दुसऱ्याच्या वर्तनाचे कारण शोधताना आपण परिस्थितीला फार कमी आणि स्वभावाला फार जास्त वजन देतो, असा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. अनोळखी माणसाच्या बाबतीत ही चूक हमखास होते, कारण त्याची परिस्थिती आपल्याला दिसतच नाही. ओळखीचा माणूस तुसडेपणाने बोलला तर घरी कोणी आजारी असेल, असे मनात येते. अनोळखी माणसाला आपल्या लेखी घरच नसते.

न ऐकताच दिलेला नकार

इअरफोनवाल्या माणसाचा पंजा तिला सर्वांत जास्त लागला, असे तिच्या सांगण्यावरून दिसते. बोलूही न देणे हा अपमान आहे, ही तिची तक्रार सहज समजण्याजोगी आहे. तरीही हा प्रसंग नीट पाहण्यासाठी मोठ्या शहरातील माणसाच्या दिवसाचा हिशेब मांडला पाहिजे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी 1903 मध्येच लिहून ठेवले होते की लहान गावात माणूस भेटणाऱ्या प्रत्येकाला मनातून जसा प्रतिसाद देतो, तसा महानगरात देऊ लागला तर आतून त्याचे तुकडे तुकडे होतील; म्हणून महानगरातला माणूस अलिप्तपणा धारण करतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रम यांनी 1970 मध्ये हाच विचार आकड्यांत आणला. न्यूयॉर्कजवळच्या नॅसॉ या उपनगरी भागात कार्यालयापासून दहा मिनिटांच्या अंतरात 11,000 माणसे गाठता येतात, न्यूअर्क शहरात 20,000, आणि मॅनहॅटनच्या मध्यभागात 2,20,000, ही गणना त्यांनी उद्धृत केली. या संख्येतल्या प्रत्येकाची दखल घेणे अशक्य असल्याने शहरी माणूस कोणाची दखल घ्यायची याची चाळणी लावतो. मिलग्रम यांच्या मते ही चाळणी स्वभावातल्या कोरडेपणापेक्षा माहितीच्या अतिभारातून आलेली आहे.

या चाळणीतून तिचा प्रश्न गळाला, याचे एक कारण तिच्या वाक्यातच होते. "माफ करा, एक विचारू का?" हे तिच्या गावच्या मापाने सभ्य वाक्य आहे. परंतु स्थानकात उभे राहून काहीतरी विकणारे, देणगी मागणारे, सर्वेक्षणाचे अर्ज भरून घेणारे सर्वजण नेमके याच वाक्याने सुरुवात करतात. भाषेचे अभ्यासक पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेविन्सन यांनी 1978 मध्ये मांडलेल्या सौजन्याच्या सिद्धांतात विनंतीचे वजन तीन गोष्टींवर ठरते: दोघांमधील अंतर, दोघांमधील अधिकाराचा फरक, आणि मागणी किती मोठी आहे ती. तिच्या वाक्याने पहिल्या गोष्टीची काळजी घेतली, पण तिसरी झाकून ठेवली. ऐकणाऱ्याला हे कळायला मार्गच नव्हता की आपल्याकडून चार शब्द हवे आहेत की दहा मिनिटे. "अमुक इमारतीसाठी कोणतं दार?" किंवा नुसते इमारतीचे नाव, असा प्रश्न ऐकायला रोखठोक वाटला असता; पण त्यात मागणीचा आकार उघड असल्यामुळे त्याने ऐकणाऱ्याचा जास्त मान राखला असता. पायऱ्यांवर तिने, बहुधा थकून, असाच उघडा प्रश्न टाकला आणि तिला उत्तर मिळाले.

ब्राउन आणि लेविन्सन यांनी आणखी एक भेद केला आहे, तो या प्रकरणाला तंतोतंत लागू पडतो. सौजन्याचा एक प्रकार आपुलकी दाखवतो: विचारपूस करतो, जवळीक साधतो, तुम्ही आमचेच असे सांगतो. दुसरा प्रकार मोकळीक राखतो: वाट अडवत नाही, वेळ घेत नाही, खासगी गोष्टींत शिरत नाही. प्रत्येक समाजात दोन्ही असतात, पण गर्दीच्या जागी दुसऱ्या प्रकाराचे पारडे जड होते. समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांनी 1963 मध्ये सार्वजनिक जागांतील वर्तनाचे बारकाईने वर्णन करताना दाखवले की दोन अनोळखी माणसे जवळून जाताना एकमेकांकडे क्षणभर पाहतात, दखल घेतल्याचे कळू देतात आणि नजर काढून घेतात; समोरून गाडी आली की दिवे मंद करावेत, तसे. हे न पाहणे सभ्यतेचा भाग आहे. आपुलकीच्या सौजन्यात वाढलेल्या माणसाला ते तुटकपणाचे वाटते, आणि मोकळीक राखण्यात वाढलेल्या माणसाला विचारपूस चोंबडेपणाची वाटते. दोघेही एकमेकांना उद्धट म्हणतात, आणि दोघांनाही आपापल्या मापाने तसे म्हणण्याचा आधार असतो.

पंजा दाखवणाऱ्याला मी पूर्ण निर्दोष मात्र ठरवणार नाही. चालता चालता एखादा शब्द बोलायला त्याला काही पडले नसते, आणि नकार देताना नजर देणे हा गॉफमन यांनी वर्णिलेल्या किमान दखलेचाच भाग आहे.

घाईतला तरुण आणि भल्या आजी

पायऱ्यांवरच्या तरुणाला तिने उद्धटांच्या यादीत टाकले, ही संपूर्ण प्रकरणातली सर्वांत मोठी गफलत आहे. त्या संध्याकाळी तिला खरी मदत केली ती त्याने एकट्याने. तो थांबला नाही, हसला नाही, तिच्याकडे त्याने धड पाहिलेही नाही. परंतु प्रश्न त्याला विचारलेला नसताना त्याने उत्तर दिले, ते अचूक दिले आणि वळण कुठे घ्यायचे तेही सांगितले.

घाईत असलेल्या माणसाने एवढे करणे किती दुर्मीळ असू शकते, याचा अंदाज मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांच्या 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगावरून येतो. प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पाठवले गेले आणि वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांपैकी 63 टक्के विद्यार्थ्यांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारे मदत केली, मध्यम घाईतल्या 45 टक्क्यांनी, आणि उशीर झाला आहे असे सांगितलेल्यांपैकी फक्त 10 टक्क्यांनी. काही विद्यार्थी तर परोपकाराच्या कथेवरच भाषण द्यायला निघाले होते; त्याने फारसा फरक पडला नाही. प्रयोग लहान होता, एकूण चाळीस जणांचा, त्यामुळे टक्केवारीला फार ताणू नये. पण घाई माणसाच्या चांगुलपणापेक्षा वरचढ ठरते, हे त्यातून दिसते आणि अनुभवाशीही ते जुळते.

मदत आणि गोड वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन यांच्या कामातूनही कळते. त्यांनी अमेरिकेतील 36 शहरांत अनोळखी माणसाला मदत करण्याच्या वृत्तीची तुलना केली. लोकवस्ती जितकी दाट तितकी मदत कमी, असा ढोबळ संबंध त्यांना आढळला आणि न्यूयॉर्क तळाशी राहिले. त्यांच्या चाचण्यांपैकी एक म्हणजे पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट रस्त्यावर हरवल्यासारखे टाकणे. न्यूयॉर्कमधून परत आलेल्या एका पाकिटावर सापडलेल्या माणसाने शिव्या लिहिल्या होत्या. पण त्याने ते पोस्टात टाकले होते! हा माणूस उद्धट म्हणायचा की सज्जन, याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि पायऱ्यांवरच्या तरुणाला उद्धट म्हणण्यासाठी तर शिवीइतकाही पुरावा नाही.

आजींचे प्रकरण याच्या उलटे आहे. त्यांच्या वागण्यात आपुलकी होती, आणि नव्या शहरात एकटे वाटणाऱ्या मुलीला त्या आपुलकीचे मोल नक्कीच होते. भाडेकराराला झालेल्या उशिरापेक्षा ते जास्त होते, असेही कोणी म्हणू शकेल. तरीही उशिराचा मोठा भाग त्यांच्यामुळे झाला. त्यांना दार ठाऊक नव्हते. "मला माहीत नाही" असे सांगणे आपुलकीच्या सौजन्यात जड जाते, कारण ते पाठ फिरवल्यासारखे वाटते. म्हणून माणसे अंदाजाने रस्ता सांगतात. दुसऱ्या बाजूने पाहता, आजी बोलता बोलता दोनदा अडखळल्या होत्या आणि त्यांना खात्री नाही, अशी शंका तिलाही आली असणार. पण त्यांना तोडून निघणे तिला असभ्य वाटले. दोघींनी एकमेकींचा मान राखला आणि त्यात ती चुकीच्या दाराशी पोहोचली. आजींना दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण भलेपणाचे सगळे गुण त्यांना आणि उणेपणाचे सगळे त्या तरुणाला, अशी तिने केलेली वाटणी तपासणीत टिकत नाही.

चौकशी खिडकी

खिडकीतल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत वरची कोणतीही सबब लागू होत नाही. तो घाईत निघालेला नव्हता. त्याची वाट अडलेली नव्हती. विनंतीचा आकार त्याला माहीत होता, कारण प्रश्नांची उत्तरे देणे हेच त्याचे काम होते. एकच प्रश्न दिवसभर ऐकून तो वैतागला असेल, हे मान्य केले तर "तिकडे लिहिलंय" या कोरड्या उत्तराचा उलगडा होतो. ते नापसंत करूनही समजून घेता येते. नक्कल मात्र वैतागातून येत नाही. नक्कल करायला उलट थोडा जास्त वेळ आणि थोडी उमेद लागते, आणि तिच्यासाठी प्रेक्षक हवा असतो. तो शेजारी बसलेला होता.

येथे उद्धटपणाची एक कसोटी हाती लागते. बाकीच्या प्रसंगांत तिला जे नाकारले गेले ते वेळ, वाट किंवा लक्ष होते, आणि तिच्या जागी दुसरे कोणी असते तरी तेच घडले असते. खिडकीत जे घडले ते तिच्या हेलामुळे, म्हणजे ती कोण आहे यामुळे घडले. जिन्यावरच्या गृहस्थांना ती म्हणजे एक अडथळा होती. खिडकीतल्या माणसाने तिला माणूस म्हणून पाहिले आणि मग खालचे ठरवले. अपमान म्हणून याचीच नोंद वेगळी व्हायला हवी होती. तिने ती चौघांच्या रांगेत एक म्हणून सांगितली, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ती बॅगेच्या धक्क्याइतकीच किरकोळ वाटली. "सगळेच उद्धट" असे म्हटल्याने खऱ्या उद्धटाची सोय होते, ही या ढोबळ निष्कर्षाची मला सर्वांत खटकणारी बाजू आहे.

न सांगितलेला प्रसंग

सफाई कर्मचारी बाईंशी ती जे बोलली त्यात "माफ करा" नव्हते. बाकी प्रत्येकाला तिने आदरार्थी संबोधले होते; पायऱ्यांवर हवेत टाकलेल्या प्रश्नातही "कुणी सांगाल का" असे आर्जव होते. येथे मात्र "ए" आली, वयाने मोठ्या बाईंसाठी आली, आणि त्यांनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उभे राहून आली. ती मुळात उर्मट होती, असे यावरून म्हणता येणार नाही. ती नुकतीच खिडकीतून हसे होऊन निघाली होती, आणि उद्धटपणाची बाधा एकाकडून दुसऱ्याकडे जाते, असे ट्रेव्हर फाउक, अँड्र्यू वूलम आणि आमिर एरेझ यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे: ज्याला तुटक वागणूक मिळाली तो पुढच्याशी तसाच वागण्याची शक्यता वाढते, आणि साध्या बोलण्यातही त्याला तुच्छता दिसू लागते. ही सवलत तिला देणे योग्य आहे. मात्र मग बॅगवाल्या गृहस्थांनाही ती द्यावी लागेल. त्यांना दिवसभरात कोण कोण भेटले होते, हे आपल्याला ठाऊक नाही.

शिवाय ही बाधा "ए"चे पूर्ण स्पष्टीकरण नव्हे. खिडकीनंतर लगेच तिला सूटबूट घातलेले कोणी भेटले असते तर तिच्या तोंडून "ए" निघाली असती का, हा प्रश्न उरतोच. गॉफमन यांनी वर वर्णिलेल्या सभ्य दुर्लक्षापासून, म्हणजे दखल घेऊन न पाहण्यापासून, एक दुसरी गोष्ट काळजीपूर्वक वेगळी काढली होती: समोरचा माणूस तेथे नाहीच, असे समजून वागणे. नोकरचाकरांच्या वाट्याला ही वागणूक नेहमी येते, असे त्यांनी नमूद केले. पहिल्यात दखल घेऊन नजर काढून घेतली जाते, दुसऱ्यात दखलच घेतलेली नसते. दुसऱ्या दिवशीच्या कथनात त्या बाई आल्या नाहीत याचे कारण हेच असावे. त्यांनी उत्तर दिले नाही, याचा तिला रागही आला नाही. राग यायलासुद्धा समोरच्याला आपल्या पंगतीला बसवावे लागते.

बाईंच्या गप्प राहण्याला काय म्हणावे? तो नकार होता, निषेध होता, की कोणते दार हवे आहे ते त्यांना कळले नव्हते, हे बाहेरून सांगता येणार नाही. मला ते उत्तर त्या प्रश्नाला साजेसे वाटते, आणि त्यांनी पावलांच्या ठशांकडे टाकलेली नजर तर बरीच संयमी वाटते.

निष्कर्षाची किंमत

सहा प्रसंगांचा मिळून हिशेब असा होतो: एक स्पष्ट उद्धटपणा खिडकीत, एक अर्धा जिन्याशी, एक किरकोळ त्रुटी पंजा उंचावण्यात, आणि एक स्पष्ट उद्धटपणा तिच्या स्वतःच्या तोंडून. एवढ्यावर शहराविषयी विधान करता येत नाही. पण ती ते करून बसली आहे, आणि त्याचे परिणाम तिच्यापुरते खरे असतील. संशोधक फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी 2008 मध्ये दाखवून दिले की अनोळखी माणसे मदत करतील याचा अंदाज माणसे फार कमी धरतात. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना अनोळखी माणसांना विद्यापीठाची व्यायामशाळा कुठे आहे ते विचारून, तेथपर्यंत सोबत करा अशी विनंती करायची होती. एक जण तयार होण्यासाठी साधारण सात जणांना विचारावे लागेल असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात दोन-तीन पुरले. विशेष म्हणजे हे न्यूयॉर्कमध्ये घडले, जे लेव्हिन यांच्या यादीत तळाशी होते. "इथले लोक उद्धट" असे ठरवलेला माणूस विचारणेच बंद करतो, आणि न विचारल्यामुळे आपले मत चूक असल्याचा पुरावा त्याच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही.

उपाय सांगायचे तर तिच्या बाजूने फारसे काही अवघड नाही. थांबण्याआधी कडेला होणे, चालणाऱ्यापेक्षा उभ्या असलेल्याला विचारणे, पहिल्याच वाक्यात ठिकाणाचे नाव घेणे, आणि सांगणारा अडखळला तर आणखी एकाला विचारून खात्री करणे, एवढे तिला पंधरवड्यात कोणी न शिकवता जमेल. मोठी दुरुस्ती स्थानकाच्या रचनेत हवी आहे. नवख्या माणसाला कुठे जायचे हा निर्णय जिना संपतो त्या क्षणी घ्यावा लागतो, म्हणून दारांचे फलक जिन्याच्या वर, चढतानाच वाचता येतील असे लावले पाहिजेत. ते वळणानंतरच्या भिंतीवर असतील तर प्रत्येक गाडीबरोबर कोणीतरी जिन्याच्या तोंडाशी थांबणारच आणि मागचा कोणीतरी ओरडणारच. फलक योग्य जागी असता तर धक्का, पंजा आणि चुकीचे दार या तिन्ही गोष्टी त्या संध्याकाळी बहुधा घडल्या नसत्या.

खिडकीतली नक्कल फलकाने थांबत नाही, ती उद्या दुसऱ्या कोणाची होईल; तिच्यासाठी वरिष्ठांकडे लेखी तक्रार हाच मार्ग आहे, आणि तक्रारीत हेलाची नक्कल केली हे स्पष्ट लिहिले पाहिजे, नुसते "उर्मटपणे बोलले" असे नव्हे. निदान त्या प्रसंगासाठी अर्ज कोणाकडे द्यायचा ते ठरलेले असते. फरशी पुसणाऱ्या बाईंना मात्र "ए" म्हणणाऱ्या प्रवाशाविरुद्ध असा अर्ज करण्याची सोय सहसा नसते, आणि असती तरी तो लिहायला त्यांना कामाच्या वेळेत कोणी बसू दिले नसते.